व्हाइस सिटीचा सातबारा

‘ग्रँड थेफ्ट ऑटो (जीटीए) : व्हाइस सिटी’ हा गेम २००२ साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरो शहरात, रॉकस्टार नॉर्थ या स्टुडिओत तयार झाला. मालक न्यूयॉर्कची टेक-टू इंटरॅक्टिव्ह ही कंपनी. पुढच्या वर्षी तो पीसीवर आला आणि बघता बघता आपल्याकडच्या नेट कॅफेंमध्ये पोचला. मायामीसारखं गुलाबी-निळं शहर, रंगीबेरंगी शर्टातला टॉमी व्हर्सेटी, आणि गाडीत बसल्या बसल्या सुरू होणारा ऐंशीच्या दशकातला रेडिओ. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ पुरुषांना या शहरातले रस्ते आपल्या गावातल्या रस्त्यांइतके पाठ आहेत. माझा धाकटा भाऊ सुहास त्यांपैकी एक. माझी मुलगी सई मुंबईत बौद्धिक संपदेच्या खटल्यांवर काम करते. चाहत्यांनी मेहनतीने केलेले मॉड, म्हणजे गेममधले फेरबदल, कंपन्या बंद पाडतात, यावरून या मामा-भाचीचं गेली काही वर्षं वाजतं आहे. मी गेम खेळत नाही, म्हणून दोघंही मलाच पंच नेमतात.

परवा सुरुवात सुहासने केली. “सई, तू नुसतं २०२१ सालाचं कॅलेंडर उघड. फेब्रुवारीत ‘री-थ्री’ आणि ‘री-व्हीसी’ हे चाहत्यांचे प्रकल्प ‘गिटहब’ या साइटवरून काढायला लावले. जुलैत ‘जीटीए अंडरग्राउंड’ बंद झाला. त्यावर सहा वर्षं काम चाललं होतं. त्याच सुमारास ‘मॉडडीबी’ या साइटवरचे कितीतरी जुने मॉड उतरवले. आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलं, की या मालिकेतले तिन्ही जुने गेम आता आम्हीच नव्याने सजवून विकणार. त्याच महिन्यात जुन्या प्रती ऑनलाइन दुकानांतून गायब!”

“बरं, मग? माल कुणाचा होता मामा?”

“माल त्यांचा. पण वीस वर्षं तो जिवंत कुणी ठेवला?”

इथे मी मध्ये पडले. री-व्हीसी म्हणजे नेमकं काय, ते आधी मला समजलं पाहिजे. सुहासने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं आणि समजावून सांगायला लागला. आपण विकत घेतो त्या गेममध्ये प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर नसतो. असतात ते फक्त यंत्राला कळणारे आकडे. री-व्हीसी करणाऱ्या मंडळींनी ते आकडे एका साधनाने उलगडले आणि एकेक फंक्शन वाचायला घेतलं. गाडी वळते कशी, पोलिस मागे कधी लागतात, पाऊस कधी पडतो, प्रत्येकाचं एक फंक्शन. ते वाचायचं, सी-प्लस-प्लसमध्ये पुन्हा लिहायचं, मूळ गेममध्ये त्या जागी बसवायचं आणि गेम चालवून बघायचा. सगळं आधीसारखं चाललं तर पुढचं फंक्शन. असं करत करत एक दिवस मूळ प्रोग्रामची गरजच उरली नाही. चित्रं, नकाशे, गाणी मात्र त्यांनी दिली नव्हती. ती खेळणाऱ्याने स्वतःकडच्या विकतच्या प्रतीतून आणायची. नव्या प्रोग्राममुळे रुंद पडद्यावर गेम नीट दिसायला लागला, एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना अडणारा ‘लोडिंग’चा पडदा गेला, आणि कंपनीने जिथे कधी पाठवला नव्हता अशा यंत्रांवरही व्हाइस सिटी चालू लागला.

“हे लिहायला मेंदू लागतो ताई,” सुहास म्हणाला. “ही चोरी नाही.”

“मेंदू लागतोच,” सई म्हणाली. “पण तू आत्ता काय सांगितलंस? वाचायचं आणि लिहायचं. तेच वाचणारे, तेच लिहिणारे. सगळी अडचण तिथेच आहे. १९८२मध्ये कॉम्पॅकला आयबीएमसारखा कॉम्प्युटर करायचा होता. त्यांनी दोन वेगळ्या तुकड्या केल्या. एकीने आयबीएमचा प्रोग्राम वाचला आणि तो काय करतो एवढंच कागदावर उतरवलं. दुसरीने मूळ प्रोग्राम डोळ्यांनीही पाहिला नव्हता; तिने त्या टिपणांवरून नवा लिहिला. म्हणून ते टिकले. तुझ्या लोकांनी भिंत घातलीच नाही. एखादी कादंबरी समोर ठेवून ओळ न् ओळ दुसऱ्या भाषेत उतरवली, तर परवानगी लागते की नाही? आणि एक लक्षात घे, टेक-टूचा दावा प्रोग्रामच्या नकलेचा होता. गाणी त्यांनी वाटली नाहीत, हे त्यावरचं उत्तर होत नाही.”

“आणि सेगा विरुद्ध अकोलेड? ते विसरलीस?” सुहासने हुकमाचं पान टाकावं तसं ते नाव टाकलं. (हा खटला त्याने सईकडूनच शिकून घेतला आहे.) १९९२मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटलं होतं, की आतली रचना समजून घेण्याचा दुसरा मार्गच नसेल, तर दुसऱ्याचा प्रोग्राम उलगडून वाचणं हा रास्त वापर ठरू शकतो.

“विसरले नाही. पण अकोलेडला हवं काय होतं? स्वतःचे गेम सेगाच्या यंत्रावर चालवायचे होते. त्यांनी सेगाचाच ‘सॉनिक’ हा गेम नव्याने लिहून वाटला नाही. आपल्याकडेही तसंच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ अशी उलगड करायला मुभा देतं, पण कशासाठी? स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून चालवता यावा, यासाठी. तुमचा प्रोग्राम स्वतंत्र कुठे आहे? आणि मामा, कादंबरीवरून आठवलं. नेट कॅफेतली ती व्हाइस सिटीची सीडी कुणी विकत घेतली होती?”

सुहासने ताकाचा पेला उचलला. या प्रश्नाला गेल्या कित्येक वर्षांत त्याच्याकडे याहून बरं उत्तर आलेलं नाही.

सईची बाजू नुसती कलमांची नाही, हे मला ‘हॉट कॉफी’ प्रकरण ऐकल्यावर कळलं. २००५मध्ये एका डच मॉडरने ‘सॅन अँड्रियाज’ या गेममधला दडवलेला एक भाग उघडणारा मॉड टाकला. त्या भागात लैंगिक दृश्यं होती. अमेरिकेत गदारोळ झाला. गेमला आधी सतरा वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र होतं, ते बदलून फक्त प्रौढांसाठीचं झालं. मोठ्या दुकानांनी प्रती फळीवरून काढल्या, कंपनीला नवी आवृत्ती काढावी लागली, आणि भागधारकांचे दावे वर्षानुवर्षं चालले.

“एका माणसाने घरी बसून केलेला छोटासा मॉड,” सई म्हणाली, “आणि कंपनीला कोट्यवधींचा फटका. मग कायदा विभागातली माणसं मॉड म्हटल्यावर दचकणार नाहीत तर काय करतील?”

“अगं, पण तो भाग लिहिला कुणी होता? रॉकस्टारनेच! मॉडरने दार उघडलं, आत सामान यांचंच होतं. आणि आधी यांनी खुशाल हॅकरांवर ढकललं.”

हे सुहासचं म्हणणं मला पटलं. सईलाही पटलं असावं, कारण तिने लगेच विषय गाण्यांवर नेला. व्हाइस सिटीचा जीव रेडिओत आहे, आणि त्यातली गाणी रॉकस्टारची नाहीत. ठरावीक मुदतीसाठी परवाने काढून घेतलेली आहेत. मुदत संपली की गाणं काढावं लागतं. २०१४मध्ये ‘सॅन अँड्रियाज’च्या एका अपडेटने कितीतरी गाणी गेली. २०१८मध्ये ‘जीटीए ४’ला दहा वर्षं झाली आणि त्यातल्या व्लादिवोस्तोक एफएम या रशियन स्टेशनवरची बरीच मूळ गाणी गेली.

“कंपनी एकटी मालक नसते,” सई सांगत होती. “गायक, म्युझिक कंपन्या, कलाकारांचे आवाज, सगळ्यांचे करार असतात. मॉडर म्हणतात आम्ही जुनी गाणी परत बसवून दिली. खेळणाऱ्याला गोड वाटतं. पण तो करार कंपनीने ज्याच्याशी केला, त्याला काय सांगायचं?”

“विकत घेणाऱ्याला काय सांगायचं, हे कुणीच विचारत नाही,” सुहास म्हणाला. “मी पैसे मोजले तेव्हा त्या डब्यात ती गाणी होती. नंतर माझ्या कॉम्प्युटरवरून अपडेटच्या नावाखाली उचलून नेली. दुकानदाराने घरी येऊन मिक्सरचं भांडं परत नेलं तर तू केस घेशील की नाही?”

“घेईन. आणि तू ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाच्या अटींची पानं वाचली नव्हतीस म्हणून हरेन.”

एवढ्या वादात ती पहिल्यांदा हसली. खेळ विकत घेतला असं आपण म्हणतो, पण हाती येतो तो फक्त वापरण्याचा परवाना. या बाबतीत दोघांचं दुखणं एकच आहे. सई ते मान्य करते, फक्त रात्री जेवताना करत नाही.

मग सईने बोलता बोलता ते वाक्य टाकलं, ज्यावर पुढचा सगळा वाद फिरला. “मामा, दुसऱ्याच्या शेतात विहीर खणलीस तर पाणी त्याचंच. तू कितीही घाम गाळलास तरी सातबारा बदलत नाही.”

“कबूल,” सुहास शांतपणे म्हणाला. “सातबारा त्याचा. पण मी खणत असताना सहा वर्षं तो बांधावर उभा राहून बघत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, बघा आमचं शेत किती हिरवं आहे. मधूनमधून ‘छान चाललंय’ म्हणत होता. आणि पाणी लागल्याच्या दिवशी तलाठ्याला घेऊन आला. पहिल्या दिवशी नको म्हणाला असता तर मी दुसरीकडे खणली असती.”

सई गप्प. मला वाटतं, साऱ्या प्रकरणाची गोम इथे आहे. कॉपीराइटच्या बाबतीत कंपन्यांचे चाहते एक गोष्ट नेहमी पुढे करतात, की खटला भरला नाही तर हक्क जातो. मी सईला विचारलं. ती प्रामाणिक आहे. म्हणाली, तसं नाही. ट्रेडमार्क दुर्लक्षित ठेवला तर तो कमकुवत होऊ शकतो, कॉपीराइट असा न वापरल्याने जात नाही. म्हणजे टेक-टूने हे मॉड पूर्वीसारखे चालू दिले असते, तरी तिच्या मालकीला धक्का लागत नव्हता. जुलैमध्ये बंद करायची निकड कायद्याने आणली नव्हती, ती नोव्हेंबरच्या विक्रीने आणली.

आणि विक्रीला आणलं काय? ११ नोव्हेंबर २०२१ला ‘द डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. सुहास या विषयावर आला की त्याला थांबवणं अवघड. फ्लोरिडातल्या ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या छोट्या स्टुडिओने जुनी चित्रं बऱ्याच अंशी संगणकाकरवी मोठी आणि गुळगुळीत करून घेतली होती. दुकानांच्या पाट्यांवरची स्पेलिंगं बिघडली. पाऊस असा पडायचा की समोरची गाडी दिसू नये. आणि तो नट!

‘सॅन अँड्रियाज’मध्ये टफ नट डोनट्स नावाचं दुकान आहे. त्याच्या छपरावर डोनटऐवजी नट-बोल्टमधला भला मोठा नट बसवला होता, सहा कडांचा. मूळ चित्रकाराची ती थट्टा. यंत्राने कडा दिसल्या तशा घासून गोल केल्या आणि त्या नटाचं साधं कडं झालं. सुहासने मोबाइलवर दोन्ही चित्रं काढून माझ्यापुढे धरली. जुन्यात सहा कोपरे स्पष्ट मोजता येतात. नव्यात त्या दुकानाचं नाव तसं का, हे कुणाला कळणार नाही.

“फुकटात काम करणारी पोरं प्रत्येक फंक्शन दहा वेळा तपासत होती,” तो म्हणाला, “आणि पैसे घेणाऱ्यांनी छपराकडे मान वर करून बघितलं नाही.”

पीसीवरची विक्री पहिल्याच आठवड्यात काही दिवस थांबवावी लागली, कारण जाऊ नयेत अशा फाइली आत राहिल्या होत्या. १९ नोव्हेंबरला रॉकस्टारने माफी मागितली आणि जुने गेम पीसीवर पुन्हा विक्रीला ठेवायचं कबूल केलं. दिव्यांचं आणि रंगांचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलं ते २०२४च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटने, म्हणजे तीन वर्षांनी.

“वाईट माल विकणं हा गुन्हा नाही,” सई म्हणाली. “मालकाला स्वतःची वस्तू बिघडवायचाही हक्क असतो.”

“असतो. मग मॅक्स पेन २चं सांग.” हा सुहासचा आवडता किस्सा. २०१०मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की रॉकस्टार स्टीमवर विकत असलेल्या ‘मॅक्स पेन २’मध्ये सीडी न लावता गेम चालवणारी जी फाइल होती, ती पायरसी करणाऱ्या एका टोळीनेच बनवलेली होती. कंपनीने चोरांची किल्ली उचलून स्वतःच्या कुलपाला लावली होती.

यावर सई काही बोलली नाही. तिने भात वाढून घेतला.

पण सईचा खरा डाव पुढे होता. २०१७च्या जूनमध्ये टेक-टूने ‘ओपनआयव्ही’ या साधनावर नोटीस बजावली. ‘जीटीए ५’चे बहुतेक मॉड याच साधनाने होत. खेळणाऱ्यांनी स्टीमवर गेमला निषेधाच्या शेऱ्यांनी झोडपलं. काही दिवसांतच रॉकस्टारने निवेदन काढलं, की एकट्याने खेळायचे, पैसे न घेणारे आणि दुसऱ्यांचे हक्क न दुखावणारे पीसीवरचे मॉड असतील, तर सर्वसाधारणपणे कारवाई होणार नाही. ओपनआयव्ही परत आलं.

“म्हणजे नियम होता,” सई म्हणाली. “लेखी. आणि त्यातच अपवाद लिहिलेला होता, की दुसऱ्या गेममधली, अगदी रॉकस्टारच्याच दुसऱ्या गेममधली सामग्री आणून बसवायची नाही. जीटीए अंडरग्राउंडने काय केलं? वेगवेगळ्या गेमचे नकाशे एकत्र केले. २०२४च्या अखेरीस आलेल्या लिबर्टी सिटी प्रिझर्व्हेशन प्रोजेक्टने काय केलं? ‘जीटीए ४’चं शहर उचलून ‘जीटीए ५’मध्ये ठेवलं. २०२५च्या जानेवारीत तो बंद झाला तेव्हा सगळे रडले. नियम कुणी वाचला होता?”

हे ऐकून मी सुहासकडे बघितलं. तो म्हणाला, “अंडरग्राउंड सुरू झाला तेव्हा हा नियम नव्हताच.” तेही खरं. नियम येण्याआधी दोन वर्षं ते काम करत होते. नियम आल्यावरही चार वर्षं त्यांना कुणी हटकलं नाही. कागदावर मनाई, व्यवहारात मोकळीक. हा आपल्याकडच्या महापालिकांचा खाक्या न्यूयॉर्कच्या कंपनीलाही जमतो, हे ऐकून मला थोडी गंमत वाटली.

सुहासने आणखी एक उदाहरण दिलं, आणि ते मला सगळ्यांत बोलकं वाटलं. ‘फाइव्ह-एम’ नावाचा मॉड आहे. त्यामुळे ‘जीटीए ५’ लोकांना आपापल्या सर्व्हरवर आपल्या नियमांनी खेळता येतो. २०१५मध्ये रॉकस्टारने तो करणाऱ्यांची खाती बंद केली आणि हे पायरसीला मदत करणारं काम आहे, असा आरोप केला. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने फाइव्ह-एम करणारी अख्खी मंडळी स्वतःत सामावून घेतली. मधल्या आठ वर्षांत कायदा बदलला नव्हता. त्या सर्व्हरांवर येणाऱ्यांची गर्दी बदलली होती.

सेगाने तर दोन्ही गोष्टी एकाच साली केल्या. २०११मध्ये स्पेनमधल्या चाहत्यांनी आठ वर्षं खपून केलेला ‘स्ट्रीट्स ऑफ रेज रिमेक’ काही दिवसांतच उतरवायला लावला. त्याच वर्षाच्या शेवटी ‘सॉनिक सीडी’ची नवी आवृत्ती आणली. ती क्रिस्टियन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियन चाहत्याने स्वतः बनवलेल्या इंजिनवर केली होती. पुढे २०१७मध्ये त्याच्याकडूनच ‘सॉनिक मेनिया’ करून घेतला. एकाला नोटीस, दुसऱ्याला करार.

“हाच माझा मुद्दा आहे,” सई म्हणाली. “व्हाइटहेड आधी गेला, विचारलं, दाखवलं. परवाना घेऊन काम करणं अशक्य नाही.”

“आणि रेजवाल्यांनीही सेगाला कळवलं होतं, असं ते म्हणतात,” सुहास म्हणाला. “उत्तर देणं न देणं हे त्यांच्या मर्जीवर. मर्जीला कायदा म्हणतात का?”

दोघं माझ्याकडे बघायला लागले. पंच म्हणून मला जे वाटलं ते सांगितलं, इथेही सांगते. कायद्यात सईची बाजू सरस आहे. भिंत न घालता दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून पुन्हा लिहिणं आणि जगभर वाटणं याला निव्वळ प्रेमाचं संरक्षण मिळू नये; गाण्यांच्या करारांचंही तेच. पण २०२१च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या चालत्या प्रती दुकानांतून काढल्या, ते मला अजिबात पटत नाही. चाहत्यांचं काम बंद करायचं असेल तर करा, पण मग मूळ वस्तू तरी विकत मिळू द्या. दोन्ही वाटा एकदम बंद केल्यावर खेळणाऱ्याच्या हाती राहतो तो कडा घासलेला नट. आणि जो अपवाद २०१७मध्ये लिहिला, तो २०१७मध्येच लागू करायला हवा होता. तरुणांची चार वर्षं कुणी अशी फुकट घेऊ नयेत.

सईने यातलं पहिलं वाक्य उचललं, सुहासने शेवटचं. न्यायालयाचं मात्र सांगायचं राहिलं. टेक-टूने री-थ्री आणि री-व्हीसीच्या प्रोग्रामरांवर सप्टेंबर २०२१मध्ये कॅलिफोर्नियात खटला भरला होता. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला एका कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लावता येते. खटला २०२३मध्ये आपसात मिटला. त्यामुळे असं वाचून लिहिलेलं काम रास्त वापरात बसतं की नाही, यावर त्या न्यायालयाने अखेर एक ओळही लिहिली नाही.